पहिलं खरं कार्ट घेताना: रोटॅक्स १२५ मॅक्स इव्हो इंजिनाचं परीक्षण

मायक्रो मॅक्स आणि सीनियर मॅक्स ही कार्टची, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीची, दोन इंजिनं टेबलावर शेजारी ठेवली, तर लांबून पटकन फरक कळत नाही. दोन्ही १२५ सीसी, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी. बोअर (सिलिंडरचा व्यास) ५४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ५४.५. पण एक देतं सुमारे ८ एचपी आणि दुसरं ३०. आठ वर्षांच्या मुलीला आणि अठरा वर्षांच्या मुलाला एकाच घराण्यातलं इंजिन देता येतं, यातच ऑस्ट्रियातल्या बीआरपी-रोटॅक्सच्या या इंजिनाचं सगळं मोठेपण आहे. जगभर हजारो मुलांची शर्यतीतली पहिली काही वर्षं याच्यावर गेली आहेत. पुढे एफ-१ चा विश्वविजेता झालेल्या मॅक्स व्हर्स्टापेनने २००६ मध्ये बेल्जियममध्ये जिंकलेला गटही रोटॅक्स मिनी मॅक्सचाच होता.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. मूल ८ ते १३ या वयातलं असेल आणि भारतात शर्यती करत शिकायचं असेल, तर याच्याइतका शहाणपणाचा पर्याय दुसरा नाही. पण नजर युरोपवर असेल, तर ज्युनियरच्या वयात येतानाच हे इंजिन सोडायची तयारी ठेवावी लागते. ही दुसरी गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत, म्हणून शेवटी तिच्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

घराणं असं आहे: मायक्रो ८ एचपी, मिनी १५, ज्युनियर २३, सीनियर ३०. मायक्रो आणि मिनीत एक्झॉस्टची वाट अरुंद करणारा तुकडा असतो आणि सिलिंडरखाली जाड स्पेसर. ज्युनियरला हे दोन्ही निघून जातं. सीनियरचा सिलिंडरच वेगळा, कारण त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतो. जुन्या मॅक्सवर तो हवेच्या दाबाने उघडायचा, इव्होवर, म्हणजे नव्या आवृत्तीवर, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने उघडतो. त्यामुळे मिनीवरून ज्युनियरवर जाणं हे किटचं (बदलायच्या भागांच्या संचाचं) काम, पण ज्युनियरवरून सीनियरवर जाताना सिलिंडर आणि इग्निशन या दोन्हींचा खर्च धरावा लागतो. इंजिन घेताना 'पुढे सगळं यालाच बसतं' असं कुणी म्हणालं, तर हा भाग नीट विचारून घ्या.

आठ एचपी ऐकून पालक हिरमुसतात. तसं होऊ नका. मायक्रोमध्ये वळणावर वेग घालवला की तो परत मिळवायला ताकदच नसते; अर्धी सरळ वाट त्या चुकीची भरपाई करण्यात जाते. त्यामुळे मूल आपोआप एक गोष्ट शिकतं: ब्रेक कमी, स्टिअरिंग कमी, वेग टिकवून वळण काढायचं. पुढे एफ-४ मध्ये (कार्टनंतरच्या रेसिंग कारच्या पहिल्या पायरीवर) हीच सवय कामाला येते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला लवकर पुढे जाईल म्हणून मिनीवर बसवणारे पालक हे शिक्षण हातचं घालवतात. मुलाचे हात त्या वेगाला पुरत नाहीत, मग ते ब्रेकवर लटकायला लागतं आणि ती खोड मोडायला दोन हंगाम जातात.

रोटॅक्सचं इंजिन सीलबंद असतं. सिलिंडर आणि क्रँककेसच्या बोल्टमधून तार ओवून तिला नंबराचं सील लावलेलं असतं आणि तो नंबर इंजिनाच्या ओळखपत्रावर नोंदवलेला असतो. उघडायचा अधिकार फक्त अधिकृत सर्व्हिस सेंटरला. काही मेकॅनिकांना हे जाचक वाटतं. आम्हाला मात्र हाच या इंजिनाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. इतर गटांत पैसेवाल्या घरचं मूल ट्यूनरकडून (इंजिनाची ताकद वाढवून देणाऱ्या कारागिराकडून) तयार करून आणलेल्या तीन-चार इंजिनांतून सगळ्यात ताकदवान निवडतं. इथे ते बऱ्याच अंशी थांबतं. दोन सीलबंद इंजिनांत फरक असतोच, पण तो इतका नसतो की मुलाच्या चुका झाकल्या जाव्यात. देशोदेशीचे विजेते ज्या रोटॅक्स ग्रँड फायनल्सला जातात, तिथे तर कार्ट आणि इंजिन चिठ्ठी काढून मिळतं. २००० सालापासून ही स्पर्धा चालू आहे आणि भारतातल्या राष्ट्रीय रोटॅक्स स्पर्धेतून मुलं तिथे जातात.

सील असलं तरी एक माप बाहेरून घेता येतं आणि जुनं इंजिन घेताना ते घ्यायलाच हवं. त्याला स्क्विश म्हणतात: पिस्टन सगळ्यात वर आल्यावर त्याच्या कडेत आणि सिलिंडर हेडमध्ये उरणारी फट. प्लग काढायचा. सोल्डरिंगची मऊ तार घ्यायची, ज्युनियर-सीनियरसाठी २ मिलिमीटर जाडीची, मायक्रो-मिनीसाठी ३. तारेचं टोक वाकवून प्लगच्या भोकातून आत सोडायचं, पिस्टन पिनच्या दिशेने थेट सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत. मग क्रँक हाताने सावकाश फिरवून पिस्टन वरच्या टोकाच्या पुढे न्यायचा. हाताला थोडी अडखळ जाणवते, ती तार चेपल्याची. तार बाहेर काढून चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजायचं, आणि हेच दुसऱ्या बाजूलाही करायचं. सीनियरला किमान १.०० मिलिमीटर, ज्युनियरला १.२०, मायक्रो-मिनीला २.४०. माप याखाली आलं तर कुणीतरी गॅस्केट पातळ करून कॉम्प्रेशन वाढवलं आहे. असं इंजिन तपासणीत बाद होतं. आणि मायक्रोला २ मिलिमीटरची तार घालून बसलात तर ती चेपणारच नाही, मग सगळं ठीक आहे असा गैरसमज होतो. विकणाऱ्याकडे ओळखपत्र नसेल किंवा सीलचा नंबर जुळत नसेल, तर किंमत कितीही कमी असो, व्यवहार तिथेच थांबवा.

आता कार्ब्युरेटर. या इंजिनाचं जे काही खरं दुखणं आहे ते इथे आहे, म्हणून जरा थांबून बोलू.

डेलॉर्टोचा ३४ मिलिमीटरचा फ्लोट कार्ब्युरेटर यावर येतो. चालत्या कार्टमध्ये हाताने फिरवायचे स्क्रू त्याला नाहीत, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण कितपत गडद (पेट्रोल जास्त) किंवा फिकं (पेट्रोल कमी) हे शर्यतीआधी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, निवडूनच ठरवायचं. मेन जेटवरचा आकडा म्हणजे त्याच्या भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर. हवा विरळ किंवा गरम झाली की तिच्यात ऑक्सिजन कमी, म्हणून पेट्रोलही कमी लागतं आणि जेट लहान घ्यावा लागतो. साधारण हिशोब असा धरा की तापमान १० अंशांनी वाढलं की जेट एका आकड्याने खाली, आणि समुद्रसपाटीपासून ५००-६०० मीटर वर गेलात की दीड ते दोन आकड्यांनी खाली. चेन्नईत १२५ वर छान ओढणारं इंजिन कोल्हापुरात आणलं, तर १२३ पासून सुरुवात करावी लागते. सकाळी आठची फेरी आणि दुपारी दोनची फेरी यांतही एप्रिल-मे महिन्यात १२-१५ अंशांचा फरक पडतो. सकाळचा जेट दुपारी तसाच ठेवला तर इंजिन जड, भुरभुरत चालतं.

यात पेट्रोलची भर. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तोच जेट ठेवला तर मिश्रण फिकं होतं. १० टक्क्यांच्या पेट्रोलवर बसवलेला जेट ई२० साठी जवळपास दोन आकड्यांनी वाढवावा लागतो. म्हणजे गंमत बघा, कोल्हापूरची किंवा पुण्याची उंची जेट खाली ओढते आणि ई२० तेवढाच वर ढकलतं. परदेशी तक्ता बघून जेट टाकणारे नेमके इथे फसतात. शर्यतीच्या दिवशी आयोजक ठरवतील तेच पेट्रोल वापरावं लागतं, तेव्हा सरावही त्याच पेट्रोलवर करा.

मिश्रण बरोबर आहे की नाही, हे कानाने आणि प्लगने कळतं. गडद मिश्रणावर सरळ वाटेच्या शेवटी इंजिन 'बर्र बर्र' करत अडकतं, आवाज फाटका येतो, प्लग काळा आणि ओला निघतो. यात नुकसान फक्त वेळेचं. फिक्या मिश्रणावर मात्र इंजिन आधी फार गोड वाटतं, चढा आवाज, झटपट पिकअप. मग दोन-तीन फेऱ्यांनंतर सरळ वाटेच्या शेवटी अचानक दम सोडल्यासारखं होतं आणि प्लग पांढरा निघतो. ही धोक्याची घंटा समजून कार्ट लगेच आत बोलवा. पिस्टन जाम होतो तो बहुतेक वेळा पूर्ण वेगात नाही, तर सरळ वाट संपून पाय उचलला त्या क्षणी. आकडा (इंजिनाचे मिनिटाला फेरे, म्हणजे आरपीएम) तेरा हजारांवर, थ्रॉटल बंद, म्हणजे तेल वाहून नेणारं पेट्रोलच थांबतं, आणि आधीच तापलेला पिस्टन कोरडा घासतो. म्हणून नवीन मुलासोबत नेहमी एक पायरी गडद जेटवर सुरुवात करावी. अर्धा सेकंद गेला तरी चालेल, पण सिलिंडर जाऊ द्यायचा नाही.

तेल २ टक्के: ५ लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर पूर्ण सिंथेटिक टू-स्ट्रोक तेल. मोजपात्रानेच मोजायचं, बाटलीच्या टोपणाने नाही. जास्त तेल घातलं की इंजिन सुरक्षित, असा समज आहे. प्रत्यक्षात तेल वाढलं की तेवढ्याच जागेतून पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण आणखी फिकं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे तेल घातलेलं पेट्रोल त्याच दिवशी संपवावं. पावसाळ्यात कार्ट चार महिने उभं राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून क्रँक हाताने फिरवा, एक्झॉस्टच्या तोंडात कापडाचा बोळा घाला. हे केलं नाही तर सप्टेंबरमध्ये आयडल जेटमध्ये (इंजिन हळू चालताना पेट्रोल देणाऱ्या जेटमध्ये) हिरवट चिकट थर बसलेला सापडतो आणि इंजिन सुरू होतं पण खालच्या आकड्यांवर तग धरत नाही. त्या वेळी लोक इग्निशनला दोष देतात. जेट काढून उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसलं पाहिजे.

इग्निशनचा दोष खरंच असतो तेव्हा तो बहुधा बॅटरीचा असतो. इव्होचं इग्निशन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि धावताना ती चार्ज होत नाही. सकाळी भरलेली बॅटरी दुपारपर्यंत उतरते, मग वरच्या आकड्यांवर मिसफायर सुरू होतो आणि तो हुबेहूब गडद मिश्रणासारखा वाटतो. जेट बदलण्याआधी मीटर लावा. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्टच्या खाली असेल तर आधी बॅटरी बदला. दोन बॅटऱ्या आणि एक चांगला चार्जर हा खर्च पहिल्याच दिवशी करायचा आहे.

क्लच कोरडा, सेंट्रिफ्युगल, म्हणजे इंजिनाचा आकडा चढला की आपोआप पकडणारा. मुलांच्या हातून तो दोन प्रकारे जळतो. पहिला, एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने गॅस एकाच वेळी दाबणं. डाव्या पायाने ब्रेक शिकताना हे होतंच. दुसरा, गिरकी खाऊन थांबल्यावर ब्रेक न सोडता गॅस देत राहणं. जळका वास आला, सुटताना कार्ट उशिरा हललं किंवा इंजिनाचा आकडा चढतो पण वेग चढत नाही, असं दिसलं की ड्रम उघडून बघा. ड्रम निळा पडलेला असेल तर तो संपला. आत तेलाचा ओशटपणा असेल तर क्रँकचं सील गळतंय, ते बदलल्याशिवाय नवा क्लच टाकण्यात अर्थ नाही. पुढच्या स्प्रॉकेटमागे (साखळीच्या दातेरी चाकामागे) एक छोटं निडल बेअरिंग असतं. त्याला ग्रीस लावायचं राहिलं की ते जाम होतं, आणि कार्ट आयडलवर स्टँडवर असतानाही मागची चाकं फिरायला लागतात. ही खूण बघून क्लच चिकटला असं म्हणू नका, आधी बेअरिंग बघा.

पाण्याबद्दल थोडक्यात. रोटॅक्सच्या स्पर्धांत कूलंट चालत नाही, फक्त साधं पाणी. ४५ अंशांच्या खाली जोर देऊ नये, ५० ते ६० मध्ये इंजिन खुशीत असतं, ७० च्या पुढे ताकद पडायला लागते. आपल्याकडे रेडिएटर झाकण्यापेक्षा तो स्वच्छ ठेवण्याचा प्रश्न जास्त. गवताच्या काड्या आणि रबराचे कण फिन्समध्ये अडकतात, ते मऊ ब्रशने काढा.

आता गिअरिंग, कारण कार्टला गिअर एकच. पुढे १२ दात आणि मागे ८० असतील तर प्रमाण ६.६७. पुढचा एक दात वाढवून १३ केला तर तेच प्रमाण ठेवायला मागे ८७ लागतील, म्हणजे पुढचा एक दात मागच्या साडेसहा-सात दातांएवढा. म्हणून बारीक फेरफार नेहमी मागे करायचा. साखळी २१९ मापाची. मधोमध बोटाने दाबली तर १० ते १५ मिलिमीटर हलली पाहिजे. कडक ठेवली तर क्लचचं बेअरिंग जातं, सैल ठेवली तर वळणावर उतरते. साखळीवरचं झाकण कधीही काढून चालवू नका, आणि मुलींचे केस, मुलांचेही लांब असतील तर, बालाक्लावाच्या (हेल्मेटखालच्या कापडी टोपीच्या) आत पूर्ण बांधलेले हवेत. यात सवलत नाही.

डेटा लॉगर, म्हणजे प्रत्येक फेरीतले आकडे नोंदवणारं यंत्र, घ्या. इंजिनाच्या किमतीच्या मानाने तो थोडक्यात येतो आणि मूल कुठे आहे हे त्याच्याइतकं स्पष्ट कुणी सांगत नाही. बहुतेक वडील सरळ वाटेच्या शेवटचा सर्वांत वरचा आकडा बघतात. बघायचा असतो सगळ्यात हळू वळणातला खालचा आकडा. समजा एका फेरीत तो ७,२०० वर आला आणि दुसऱ्या फेरीत ७,६००, तर दुसऱ्या फेरीत मुलाने वेग टिकवून वळण काढलं. हा आकडा फेरीमागून फेरी सारखा यायला लागला की समजा मूल तयार होतंय. तो वरखाली होत असेल तर नवीन इंजिन आणून काहीही साधणार नाही.

चासीबद्दल लिहिल्याशिवाय इंजिनाचं परीक्षण पुरं होत नाही, कारण अर्ध्या तक्रारी इंजिनाच्या नावाने येतात आणि निघतात चासीच्या. कार्टला सस्पेन्शन नाही, मागच्या अॅक्सलला डिफरेन्शियल नाही. दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात, म्हणजे वळणात आतलं चाक घासत राहणार. ते क्षणभर जमिनीवरून उचललं गेलं तरच कार्ट वळतं. स्टिअरिंग फिरवल्यावर कॅस्टरमुळे (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या तिरकेपणामुळे) पुढचं आतलं चाक खाली ढकललं जातं, फ्रेम पिळते आणि मागचं आतलं चाक वर येतं. त्यासाठी नळ्यांमध्ये लवचीकपणा हवा, आणि मुलाचं वजन योग्य जागी हवं. सीट एक बोटभर मागे-पुढे झाली की हे सगळं बिघडतं. कार्ट वळणातून बाहेर पडताना बुडल्यासारखं वाटतंय, इंजिन ओढत नाही, अशी तक्रार आली की आधी सीटची जागा आणि मागचं चाक बघा. चाक उचललं जात नसेल तर ३० एचपीसुद्धा घासण्यात खर्च होतात. मायक्रो-मिनीला ९५० मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) लहान चासी, ज्युनियरपासून १,०४० ते १,०५० ची. मुलाचे पाय पेडलपर्यंत पोचावेत म्हणून मोठ्या चासीत उशा घालून बसवणं हा खोटा वाचवलेला पैसा आहे. मागे उशी असली की वजन पुढे सरकतं आणि वर सांगितलेलं चाक उचलणंच बंद होतं.

अंगावरच्या सामानात दोन गोष्टींवर हात आखडता घेऊ नका. लहान मुलांसाठीचं सीएमआर प्रमाणाचं हेल्मेट, कारण मोटारसायकलचं हेल्मेट लहान मानेला जड होतं. आणि एफआयएच्या (मोटार शर्यतींच्या जागतिक महासंघाच्या) ८८७०-२०१८ प्रमाणाचं बरगड्यांचं कवच. कार्टमध्ये हाडं मोडतात ती जास्त करून बरगडीची, तीही अपघाताविना, नुसत्या सीटच्या कडेने.

आयुष्य किती? कंपनी ओव्हरहॉलसाठी (इंजिन उघडून झिजलेले भाग बदलण्यासाठी) ५० तासांचा आकडा सांगत आली आहे. सराव आणि क्लबच्या शर्यतींसाठी तो खरा आहे. पुढच्या रांगेत राहायचं असेल तर पिस्टन आणि रिंग त्याच्या निम्म्याहून कमी तासांत बदलतात. सीनियरवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर काजळी बसते आणि तो अडकतो. वरच्या आकड्यांवर कार्ट मंदावतं. तो सील न तोडता काढून साफ करता येतो, दर काही तासांनी करा. एकूण हिशोबात इंजिन हा फार मोठा आकडा नसतो. टायर, प्रवास, प्रवेश शुल्क आणि मेकॅनिक यांवर हंगामात त्याहून जास्त जातं. टायरचे नवे संच सरावाला वापरू नका. जुन्या टायरवर मूल जास्त शिकतं.

याच वर्गातलं दुसरं इंजिन म्हणजे इटलीच्या इआमेचं एक्स-३०. तेही १२५ सीसी, सेल्फ स्टार्ट, क्लचवालं, सुमारे ३० एचपीचं, आणि १६,००० पर्यंत फिरतं. त्याचा कार्ब्युरेटर डायफ्रामचा, दोन स्क्रूंचा, म्हणजे चालवता चालवता मिश्रण बदलता येतं. हे कौशल्य पुढे कामाचं आहे, रोटॅक्स ते शिकवत नाही. पण जास्त आकडे म्हणजे पिस्टन लवकर, आणि सीलबंद नसल्यामुळे ट्यूनरचा खर्च. चौदा वर्षांवरचं, दोन-तीन हंगाम झालेलं मूल असेल तर एक्स-३० चा विचार जरूर करा. त्याआधी रोटॅक्सच.

आता ती दुसरी गोष्ट. जागतिक कार्टिंगची शिडी रोटॅक्सच्या बाजूने जात नाही. एफआयएच्या युरोपियन आणि जागतिक स्पर्धा मुख्यतः ओके-ज्युनियर आणि ओके या गटांच्या इंजिनांवर होतात. त्यांना क्लच नाही, सेल्फ स्टार्ट नाही. मेकॅनिकने मागून उचलून धावत ढकलायचं, चालकाने सिलिंडरमधला दाब कमी करणारा डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह उघडा ठेवून इंजिन पकडलं की सोडायचा. गिरकी खाऊन थांबलात तर शर्यत संपल्यात जमा. रोटॅक्सवर वाढलेलं मूल गिरकी खाऊन पुन्हा सुटायला सरावलेलं असतं, त्यामुळे पहिला हंगाम जड जातो. टायरची पकडही खूप जास्त. स्टिअरिंग एवढं जड होतं की तयारी नसलेल्या मुलाचे दंड आणि मान आठव्या-नवव्या फेरीला हार मानतात. म्हणून जायचं असेल तर वर्षभर आधीपासून मान, पकड आणि पाठीचा व्यायाम सुरू हवा, आणि जायचं वय १२-१३, १५ नव्हे.

मुंबईचा जेहान दारूवाला हे आपल्या जवळचं उदाहरण. जन्म १९९८. २०११ मध्ये फोर्स इंडिया या तेव्हाच्या एफ-१ संघाच्या शोधमोहिमेत निवडलेल्या तीन मुलांपैकी तो एक. त्यानंतर तो भारतात थांबला नाही. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये केएफ-३ (ओके-ज्युनियरच्या आधीच्या) गटाचं विजेतेपद, २०१४ मध्ये जागतिक केएफ-ज्युनियरमध्ये तिसरा; त्या वेळी दुसरा आला होता मिक शूमाकर, मायकेल शूमाकरचा मुलगा. २०१५ ला फॉर्म्युला रेनॉ, २०१७ ला युरोपियन एफ-३, २०१९ ला प्रेमा संघाकडून एफआयए एफ-३ मध्ये तिसरा, डिसेंबर २०२० मध्ये बहारीनमधल्या साखीरला एफ-२ ची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय, २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनच्या एफ-१ कारची चाचणी, मग विजेवरच्या कारची फॉर्म्युला ई. निवडीपासून एफ-१ कारमध्ये बसेपर्यंत ११ वर्षं, आणि त्यातली कार्टिंगची निर्णायक दोन वर्षं युरोपात. त्याच्या काळात केएफ इंजिनांना क्लच होता. आजच्या मुलांना ओके-ज्युनियरची उडी त्याहून मोठी पडते.

युरोप परवडणार नसेल तरी वाट बंद होत नाही. २०२३ पासून भारतातच एफ-४ स्पर्धा आहे, मिगाल कंपनीच्या कारवर, किमान वय १५. सीनियर मॅक्सवर दोन चांगले हंगाम केलेलं मूल तिथे जाऊ शकतं. कार्टमधलं डाव्या पायाचं ब्रेकिंग आणि वळणातला वेग त्याला लगेच उपयोगी पडतो. अडचण येते ती दोन ठिकाणी. चारही चाकांना ब्रेक आणि पंखांमुळे हवेचा खाली दाब असल्यामुळे आधी जोरात दाबून मग हळूहळू सोडायचा ब्रेक नव्याने शिकावा लागतो. आणि कार्टमध्ये स्टिअरिंग झटक्याने फिरवून मागचं चाक उचलायची सवय एफ-४ मध्ये पुढचे टायर घासून टाकते. पुढचा हिशोब माहीत असावा: एफ-१ च्या सुपरलायसन्ससाठी (एफ-१ शर्यतीत उतरण्याच्या परवान्यासाठी) तीन वर्षांत ४० गुण लागतात; एफ-४ च्या विजेत्याला १२, एफआयए एफ-३ च्या विजेत्याला ३०, एफ-२ मध्ये पहिल्या तिघांना ४०. एफ-४ जिंकणं ही सुरुवातच आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. आठव्या-नवव्या वर्षी वापरलेलं, कागदपत्रं पक्की असलेलं मायक्रो, वर सांगितलेलं स्क्विशचं माप घेऊन. दोन हंगामांनी मिनी. बाराव्या वर्षी ज्युनियरचा किट घेण्याआधी एकदा बसून ठरवा: पुढची दोन वर्षं राष्ट्रीय रोटॅक्स, की युरोपात ओके-ज्युनियर. युरोप ठरला तर किटवर खर्च न करता मिनीचं इंजिन तसंच विका. ओळखपत्र, सीलचे नंबर, प्रत्येक ओव्हरहॉलची पावती आणि लॉगरवरचे एकूण तास एका फाईलमध्ये ठेवलेले असतील, तर मायक्रोच्या नव्या मुलाचे पालक घासाघीस न करता घेऊन जातात.